पाण्याचा हिशोब शिकवताना

पर्यावरण हा विषय आपल्याकडे सक्तीचा आहे, आणि त्याची पहिली अडचण तीच आहे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीनं शिकवा, चित्रपटगृहांत त्याच्या स्लाइड दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याला वेळ द्या. काम रखडलं. २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, आणि त्याच सुमारास पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या माथी, मग तो कॉमर्सचा असो की संस्कृतचा, पर्यावरणाचा एक पेपर आला. पुढं सक्तीच्या विषयाचं आपल्याकडे जे होतं ते झालं. गाइडं निघाली. स्टेशनरीच्या दुकानात तयार ‘प्रकल्प’ मिळू लागले. प्लास्टिकच्या दुष्परिणामांवरची फाइल प्लास्टिकच्या कव्हरात घालून जमा होऊ लागली. थर्माकोलच्या गोळ्याला निळा-हिरवा रंग देऊन त्यात तापमापक खोचलेली ‘तापलेली पृथ्वी’ विज्ञान प्रदर्शनात ज्यानं पाहिली नाही, असा परीक्षक महाराष्ट्रात सापडायचा नाही.

यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती जे दिलं गेलं त्यात शिकवण्यासारखं फार नव्हतं. ‘झाडं लावा’, ‘पाणी वाचवा’ या उत्तरांत चुकायला जागाच नाही. मूल वर्गात येण्याआधीच ते उत्तर त्याला ठाऊक असतं. ज्यात चुकता येत नाही ते शिकता तरी कसं येणार? गणितात चूक सापडते, म्हणून गणित येतं. पर्यावरणाच्या तासाला मात्र सगळेच बरोबर असतात, घंटा होते आणि जो तो आपापल्या घरी जातो.

ही पुस्तिका त्यामुळं एकाच गोष्टीला धरून आहे. ती गोष्ट म्हणजे गावाच्या पाण्याचा ताळेबंद. जंगल, कचरा, ऊर्जा, हवा हे विषय इथं जवळजवळ नाहीत. काहींना ते खटकेल, पण ताळेबंदात जे आहे ते बाकीच्यांत सहजासहजी मिळत नाही. ऑक्टोबरात तुम्ही आकडेमोड करून म्हणता, की वरच्या आळीतल्या विहिरी फेब्रुवारीपर्यंत टिकतील. फेब्रुवारी येतो, झाकण उघडून आत बघायचं. पेपर विहीरच तपासते, आणि ती कुणाचीही भीड धरत नाही.

हिशोब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं, एवढं एकच कोष्टक पाठ करावं लागतं. समजा गावाचं शिवार हजार हेक्टर आणि पाऊस साडेचारशे मिलिमीटर. म्हणजे पडलं साडेचारशे कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला की ग्रामसभेत हमखास कुजबुज होते, कारण एप्रिलात याच गावात टँकर येतो. मग वजाबाकी सुरू होते. बराचसा पाऊस जमिनीच्या वरच्या थरात राहून पिकं-गवत पितात किंवा तो वाफ होऊन जातो. काही ओढ्यानं निघून जातो. खाली खडकात मुरतो तो आपल्या दख्खनच्या पाषाणात सात-आठ टक्क्यांपासून बारा-तेरा टक्क्यांपर्यंत धरतात. दहा टक्के मानले तर हाती राहिले पंचेचाळीस कोटी.

आता खर्च. दीड हजार वस्ती, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला तीन कोटी. जनावरांचं वेगळं, तेही फार नाही. मग ऊस. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचे साडेचारशे पूर्ण त्याच्या खात्यात टाकले, तरी उरलेलं पाणी विहिरीतून द्यावं लागतं, आणि ते एकरी बासष्ट-त्रेसष्ट लाख लिटर भरतं. पाच एकर ऊस म्हणजे अख्ख्या गावाच्या वर्षाच्या पिण्याच्या पाण्याहून जास्त. सत्तर एकर ऊस म्हणजे जवळजवळ सगळे पंचेचाळीस कोटी संपले. पाटानं दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, त्याची वजावट कशी करायची ते पुढं तिसऱ्या प्रकरणात दिलं आहे. पण त्यानं निकाल उलटत नाही. ‘पाणी जपून वापरा’ असं दहा वर्षं सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते या दोन परिच्छेदांच्या आकडेमोडीत शिरतं. नळ बंद करायला सांगणारी भिंतीवरची घोषणा त्या तीन कोटींबद्दल बोलत असते. उरलेल्या बेचाळीस कोटींबद्दल भिंत गप्प असते.

शिकवणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गावाला मोजमाप येत नाही असं समजून सुरुवात केलीत तर पहिल्याच बैठकीत हसं होईल. विहिरीची खोली गाव ‘परस’ या मापात सांगतं. पाणी किती आहे हे मोटार किती तास चालते त्यावर सांगतं: ‘दिवाळीला आठ तास चालायची, आता दोन तासांत उपसते.’ जमिनीत ओल किती गेली ते वितीनं सांगतं, आणि पेरणीजोगा पाऊस म्हणजे किती हे ज्याला त्याला आपापल्या रानापुरतं ठाऊक असतं. ही सगळी मापं खरी आहेत. उणीव एवढीच, की ती एका विहिरीपुरती, एका रानापुरती असतात. दहा जणांची मापं एकत्र मांडायची झाली की त्यांची बेरीज होत नाही. मीटर आणि लिटर लागतात ते त्या बेरजेसाठी. हे सांगून मग टेप काढावा.

टेप काढण्याचीही रीत आहे. पाणीपातळी सकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आत मोजायची. चालू मोटारीच्या विहिरीत टेप सोडलात तर पातळी खोटी येते, आणि रात्रभर झरे भरून आल्यावर मोजलीत तर खरी येते. विहिरीच्या काठावर एका जागी ऑइलपेंटनं बाण काढून ठेवायचा आणि दर खेपेला तिथूनच टेप सोडायचा. काठ सगळीकडं सारखा उंच नसतो आणि वीतभराच्या फरकानं अख्ख्या महिन्याची घट खोटी ठरते. टेपच्या टोकाला वजन हवं, नाहीतर वाऱ्यानं तो भिंतीला चिकटतो. शिवारात मोजायच्या विहिरी चारच असल्या तरी चालतील, पण एक माथ्याकडची, एक ओढ्याकाठची, एक मधली आणि एक ज्या विहिरीवरून गावात भांडण आहे ती. ही शेवटची मुद्दाम घ्यावी. ज्या विहिरीचा वाद आहे तिच्याच आकड्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं.

खडकाचा धडा आम्ही पहिल्या प्रकरणात टाकला आहे आणि तो गाळू नये, अशी विनंती आहे. मुरूम, त्याखालचा भेगाळलेला मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण हे थर विहीर खणणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा चांगले माहीत असतात. वर्गात त्यालाच बोलवावं. त्याच्या बोलण्यातून मुलांना जे कळायला हवं ते एवढं, की आपल्या खडकात पाणी भेगांत आणि कुजलेल्या थरांत राहतं, आणि ही जागा फार थोडी असते. गंगेच्या गाळासारखा शेकडो फूट जाडीचा ओला थर आपल्या पायाखाली नाही. म्हणून आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात भरतात आणि तितक्याच झटकन रिकाम्या होतात. सातशे फुटांवर बोअर नेऊन जे पाणी लागतं ते पुष्कळदा जुनं, साठून राहिलेलं असतं, आणि ते संपलं की पुढच्या पावसानं भरून येईलच असं नाही. पाणी ‘सापडलं’ म्हणून पेढे वाटले जातात. ते कधीचं आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही.

या हिशोबाला महाराष्ट्रात वंशावळ आहे. १९७२च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणारी माणसं पाहून विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यात गेले. नायगावात देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. साळुंखे २००२ साली गेले. पाणी अडवण्याच्या त्यांच्या कामाचं कौतुक बरंच होतं. त्याहून अवघड होतं ते वाटपाचं सूत्र. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणशी द्यायचं: दर माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस नाही. पर्यावरण-शिक्षणाच्या आपल्या पुस्तकांत हे सूत्र का सापडत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, झाड लावायला सांगितल्यानं कुणाचं काही जात नाही. अर्धा एकर म्हटलं की ज्याची वीस एकर आहे त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि त्याचा मुलगाही त्याच वर्गात बसलेला असतो.

हिवरे बाजारचं नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे, इतकं की आता तिथं सहलीच्या बस थांबतात. नगर तालुक्यातलं हे कमी पावसाचं गाव. १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पुढं आदर्श गाव योजनेतून माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. सहली येतात त्या हे बघायला: हिरवे डोंगर, समतल चर, बंधारे, स्वच्छ रस्ते. फोटो निघतात. ज्या गोष्टीचा फोटो निघत नाही तिच्याकडं शिक्षकांनी मुलांचं लक्ष वेधावं. पावसाळा संपल्यावर गाव बसतं, पर्जन्यमापकाचे आणि विहिरींचे आकडे समोर येतात, आणि त्या वर्षी रब्बीला किती क्षेत्र भिजवायचं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी तर क्षेत्र कमी. ऊस-केळीला मनाई, शेतीसाठी बोअरला मनाई. डोंगर हिरवा करणारी गावं महाराष्ट्रात पुष्कळ झाली. त्यातली कित्येक काही वर्षांत पुन्हा टँकरवर आली, कारण अडवलेलं पाणी दिसताच जो तो मोटार घेऊन धावला.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं पाणी अडवण्याचा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ही स्पर्धा सुरू झाली आणि पुढच्या तीन वर्षांत राज्यभर पसरली. शिकवण्याच्या अंगानं मला तिचं फार कौतुक वाटतं. ए-फ्रेमच घ्या. दोन सरळ काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी, टोकावरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. एक पाय रोवून दुसरा फिरवत, खुणेला फक्कीची चिमूट टाकत डोंगर ओलांडायचा. अर्ध्या तासात शाळा न पाहिलेली बाई समतल रेषा आखते, आणि ती रेषा सरळ नसून वळणावळणाची निघाली की तिला डोंगराचा उतार कळतो. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा पाठ करून जे कळत नाही ते हेच. हजारो माणसं हे शिकली, पहाटे उठून चर खणले. पण त्या वर्षांत धडा होता तो जमेच्या बाजूचा. खर्चाची बाजू मागं राहिली. स्पर्धा चालवणाऱ्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण २०१९नंतर त्यांनी वॉटर कप थांबवून ‘समृद्ध गाव’ स्पर्धा आणली आणि तिच्यात पाण्याच्या ताळेबंदाला जागा दिली.

आणि शेततळं! यावर पुस्तिकेत अख्खं प्रकरण आहे आणि ते वाचून काही वाचक रागावतील. शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी धरून ठेवणारा खड्डा, असं शाळेच्या पुस्तकात चित्र असतं, आणि २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून त्याला अनुदानही मिळालं. शिवारफेरीत मुलांना घेऊन प्रत्यक्ष तळ्याकाठी जा आणि एवढंच विचारायला सांगा: यात पाणी कुठून आलं? बऱ्याच ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, भोवती बांध इतका उंच की ओघळाचं पाणी आत शिरूच शकत नाही, आणि एक काळा पाइप विहिरीकडून येऊन काठावरून आत वाकला आहे. म्हणजे जमिनीखालचं, उन्हापासून झाकलेलं, सगळ्यांच्या भेगांतून येणारं पाणी उपसून एकानं उघड्यावर आणून ठेवलं. एप्रिल-मेमध्ये त्यातलं रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊन जातं. डाळिंबाची बाग जगवायला त्या शेतकऱ्याजवळ दुसरा उपाय नसेलही. त्याला खलनायक करू नये. पण हे ‘जलसंधारण’ नव्हे, एवढं पाइपाकडं बोट दाखवून सातवीतलं मूल सांगू शकतं. ताळेबंदात हे तळं जमेच्या बाजूला लिहायचं की खर्चाच्या, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. होतोच.

हवामान बदलाचं काय, असं विचारलं जाईल. अनुदान देणारे तर पहिल्यांदा तेच विचारतात. पृथ्वीचं सरासरी तापमान किती अंशांनी वाढलं हे सांगून विदर्भातल्या मुलाला काही वाटत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंश तो दरवर्षी बघतो. हवामान बदल शिकवायचा तर बदललेल्या तारखांपासून सुरुवात करावी. हवामान खात्यानं २०२० साली मॉन्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची जुनी तारीख होती २९ सप्टेंबर, नवी आहे ८ ऑक्टोबर. आपल्या आजोबांनी हस्ताचा पाऊस कधी धरला होता आणि ज्वारीची पेरणी कधी केली होती हे मुलांनी विचारून यावं, शेजारी गेल्या दहा वर्षांच्या तारखा मांडाव्यात. आजोबांची आठवण जुन्या पावसाला जरा जास्तच गोड करते, तेवढी सूट धरावी. मग प्रश्न असा: काढणीला आलेल्या सोयाबीनवर त्या वाढलेल्या नऊ दिवसांतला पाऊस पडला तर काय होतं, आणि तोच पाऊस ताळेबंदात कुठं बसतो? एकाच पावसानं एकाचं पीक कुजतं आणि दुसऱ्याच्या विहिरीत रब्बीचं पाणी येतं. एवढं गुंतागुंतीचं उत्तर मुलांना पेलतं. आपणच त्यांना ते देत नाही.

कोकणातल्या शिक्षकांना ताळेबंदापेक्षा किनारा जवळचा वाटेल, आणि रीत तिथंही हीच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००२पासून गावकऱ्यांच्या साथीनं कासवांची घरटी राखली. एके काळी अंडी चोरीला जायची. पुढं तीच घरटी बघायला पाहुणे येऊ लागले आणि घराघरांत त्यांची जेवणं होऊ लागली. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू तापली की माद्या वाढतात. घरट्याजवळ तापमापक खोचून त्याची नोंदवही ठेवणाऱ्या मुलाला हवामान बदलाची व्याख्या पाठ करायला लागू नये.

आता एक कबुली धोरणाबद्दल. हिशोब कळला म्हणून माणूस ऊस सोडतो, असं या पुस्तिकेत कुठंही म्हटलेलं नाही. उसाला केंद्र सरकार दर ठरवून देतं, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, पैसे उशिरा का होईना येतात. कांद्याचं काय होईल हे लासलगावच्या बाजारालाही आदल्या दिवशी माहीत नसतं. अशा वेळी पाचवीतली मुलगी घरी जाऊन ‘बाबा, आपला ऊस गावाचं पाणी पितो’ म्हणाली, तर बाबांनी काय करावं? दराचं उत्तर ग्रामसभेच्या हातात नाही, आणि ते तिच्या हातात आहे असं भासवून आपण शिकवू नये. भूजलाचा कायदा राज्यानं केला आहे, अटल भूजल योजनेतून ग्रामपंचायतींनी ताळेबंद करायचे होते, पंचायतीच्या भिंतीवर त्यांचे फलकही रंगवले गेले. त्यातले बरेच एकदा रंगवले ते रंगवलेच. फलकावरचं साल आधी वाचावं, आकडे नंतर.

बैठकीत कोण नाही, तेही बघावं. हंडा वाहणारी बाई ग्रामसभेत दाराशी उभी असते आणि पिकांच्या पाण्याचा विषय निघाला की निघून जाते, कारण तो ‘माणसांचा’ विषय. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ताळेबंदाचं पहिलं वाचन तिथं करावं. पिण्याचं पाणी कोणत्या महिन्यात कुठून आणावं लागतं, ही माहिती तिथं मिळते ती कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. मेंढपाळ तर यादीतच नसतो. त्याची मेंढरं पाणी पितात ते कोणत्या खात्यावर लिहायचं?

पहिल्या वर्षाचे आकडे चुकणार. पावसाच्या दोन मापकांत फरक येईल, पिकांखालचं क्षेत्र लोक कमी सांगतील, एखादी बोअर लपवली जाईल. चुकलेला ताळेबंद फाडू नये, पुढच्या वर्षीच्या शेजारी चिकटवावा. वही पंचायतीत ठेवण्यापेक्षा शाळेत ठेवलेली बरी. सरपंच पाच वर्षांनी बदलतो आणि वही त्याच्याबरोबर जाते. ऑक्टोबरातली आणि जानेवारीतली मोजणी बहुतेक शाळा करतात. राहते ती एप्रिलची, आणि हिशोब बरोबर होता की नाही हे कळतं ते तिच्यावरूनच. तेव्हा ती परीक्षा संपल्याच्या आठवड्यातच उरकून घ्यावी. त्यानंतर मुलं मामाच्या गावाला जातात आणि टेप धरायला कुणी सापडत नाही.